ग्लास हाऊस, फ्रेशवॉटर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर गावात ज्युलिया मार्गारेट कॅमेरन (१८१५–१८७९) यांनी थाटलेला छायाचित्रण स्टुडिओ. मॉडेलला बायबल, पुराणकथा किंवा काव्यातील पात्राचे रूप देऊन व्यक्तिचित्र टिपण्याची त्यांची पद्धत इथे घडली.

कॅमेरन यांचा जन्म कलकत्त्याचा. १८६३ च्या नाताळात मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. कोळशाच्या कोठीची डार्करूम झाली. मुलांना कोंबड्या पाळायला दिलेले काचेचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला. ‘ग्लास हाऊस’ हे नाव त्यांचेच.

काचेच्या खोलीत उजेडाला तोटा नसतो; प्रश्न तो अडवण्याचा असतो. चारही बाजूंनी येणारा उजेड चेहरा सपाट करतो. कॅमेरन बहुतेक काचा पडद्यांनी झाकत आणि एका बाजूने, थोडा वरून येणारा झोत तेवढा ठेवत. मग एक गाल उजळतो, दुसरा अंधारात बुडतो, आणि नाकाची, डोळ्यांच्या खोबणीची, केसांच्या बटांची उंचसखल घडण दिसू लागते. मागे गडद कापड असल्याने डोके अंधारातून वर आल्यासारखे वाटते. आजचा छायाचित्रकार एक सॉफ्टबॉक्स (मऊ, पसरट उजेड देणारी पेटी) आणि सावलीच्या बाजूला काळे कापड लावून हेच साधतो. पात्राचा भाव पोशाखापेक्षा या सावलीतच जास्त असतो, हे कॅमेरन यांच्या चित्रांइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

तंत्र वेट कोलोडियनचे. काचेवर रसायन चढवून ती ओली असेपर्यंतच चित्र घ्यायचे आणि लगेच डेव्हलप करायचे. ही काच निळ्या प्रकाशाला जास्त आणि लाल-पिवळ्याला फारच कमी प्रतिसाद देते; त्यामुळे त्वचेतली लाली काळपट उतरते आणि चेहऱ्यांना वजन येते. उजेड कमी केल्यामुळे मॉडेलला काही मिनिटे निश्चल बसावे लागे. प्राचीन पाल्मायराची झेनोबिया राणी म्हणून बसलेल्या एका स्त्रीने नंतर लिहिले आहे, की मिनिटे सरत गेली तशी किंचाळावेसे वाटू लागले आणि डोक्यावरचा मुकुट घसरू लागला. पहिल्या प्रयत्नात चेहरा पार हललेला आला. घरकामाला असलेली मेरी हिलियर मात्र इतकी स्थिर बसे, की कॅमेरन यांच्या कितीतरी मॅडोना (येशूची आई मेरी) तिच्याच चेहऱ्याच्या आहेत. तिच्या झुकलेल्या पापण्यांमुळे मातृत्वाचा भाव येतो, आणि बुबुळे हलल्याची खूणही राहत नाही.

१८६६ मध्ये १५ × १२ इंची काचेचा मोठा कॅमेरा आला. डोके आता चौकट भरू लागले आणि रचनेतून खुर्च्या, खांब, फुलदाण्या गेल्या. त्याच वर्षीच्या ‘द माउंटन निम्फ स्वीट लिबर्टी’मधली मुलगी थेट आपल्याकडे पाहते, ती कागदातून डोके बाहेर काढते आहे असे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना वाटले. फोकस धूसर असल्याची टीका समकालीन छायाचित्रकारांनी केली. कॅमेरन मात्र फोकस करताना चित्र डोळ्यांना सुंदर वाटले की तिथेच थांबत.

शेजारी राहणारे कवी टेनिसन यांच्या ‘आयडिल्स ऑफ द किंग’ या राजा आर्थरच्या दंतकथांवरील काव्यासाठी १८७४–७५ मध्ये केलेल्या चित्रांत घरचे, पाहुणे, गावकरी सगळे कामाला लागले. जादूगार मर्लिन झालेल्या पतीला हसू आवरेना. आर्थरच्या शेवटच्या नौकेखालचे पाणी म्हणजे मलमल, आणि चंद्र निगेटिव्हवर ओरखडून काढलेला. ही चित्रे जिव्हाळ्याची आहेत, पण गर्दीच्या चौकटीत उजेड सगळ्यांना पुरत नाही, आणि नजर चेहऱ्याऐवजी कपड्यांवर जाते. जिथे एकच माणूस आणि एकच खिडकी, तिथे कॅमेरन अजोड.

१८७५ मध्ये कॅमेरन दांपत्य सिलोनला गेले. १८७९ मध्ये ज्युलिया तिथेच वारल्या. फ्रेशवॉटरचे त्यांचे घर ‘डिंबोला’ आज संग्रहालय आहे.