पावसाळी मासेमारी बंदी: ३१ जुलै की नारळी पौर्णिमा?

जुलै संपत आला की कोकणातल्या बंदरांवर दर वर्षी तोच वाद उफाळतो. बोटी १ ऑगस्टला सोडायच्या, की नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला विसावा द्यायचा? वाद तारखेचा दिसत असला तरी त्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो आपल्या किनाऱ्याच्या समुद्राबद्दल आपल्याला किती माहिती आहे, हा.

नारळी पौर्णिमेची रीत इथे सांगायला नको. राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं तळाशी ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातल्या भांडणांची त्याला पार्श्वभूमी होती आणि त्याचा अंमल किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच. त्यापलीकडे केंद्राचं राज्य. केरळने मोठ्या आंदोलनांनंतर १९८८ मध्ये पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद केलं. महाराष्ट्रात पुढे अनेक वर्षं बंदीचा काळ होता १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, ‘यापैकी जे आधी येईल ते’.

सगळी मेख या ‘जे आधी येईल’मध्ये आहे. नारळी पौर्णिमा २०२२ मध्ये ११ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती ३० ऑगस्टला गेली. म्हणजे जुन्या नियमाने बंदी एका वर्षी ११ तारखेला उठली असती, दुसऱ्या वर्षी १५ ला. चार दिवसांचा हा फरक कोळीवाड्याला खुपला नसता, कारण ऑगस्टचा पहिला आठवडा दोन्ही वर्षी सुरक्षित राहिला असता.

२०१५ मध्ये केंद्राने सबंध पश्चिम किनाऱ्याला एकच बंदी लावली: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. त्याआधी केंद्राच्या हद्दीत ती १५ जूनपासून ४७ दिवस होती. वाढवलेले चौदाही दिवस सुरुवातीला जोडले, शेवटाला एकही नाही. राज्यानेही हीच तारीख धरली. जिथे जास्तीत जास्त ६७ दिवस दर्या बंद राहायचा, त्या महाराष्ट्राचे दिवस उलट घटले आणि ऑगस्टचा पंधरवडा हातचा गेला. शेजारची बोट सुटली की आपली बांधून ठेवणं अन्यायाचं, हा एकच तारीख मागणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. तरीही आपल्या किनाऱ्यापुरता हा निर्णय चुकला असंच मला वाटतं.

कारण पश्चिम किनारा पाण्याखाली एकसारखा नाही. पावसाळी वाऱ्यांमुळे तळचं गार, खतासारख्या पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि माशांच्या पिल्लांना खाद्य मिळतं. केरळला हे मे-जूनपासून जोरात चालतं. उत्तरेकडे सरकताना ते उशिरा होतं आणि दुबळंही पडतं. मग केरळातल्या कोल्लमची तारीख पालघरच्या सातपाटीला कशी लागू पडेल?

हे कळलं ते समुद्र सातत्याने मोजला म्हणून. १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून भारतीय समुद्रविज्ञानाने बाळसं धरलं, पण मोहीम येते आणि जाते. खरा उजेड पडला तो गोव्याच्या कांदोळीसमोर १९९७ पासून त्याच जागी पुन्हा पुन्हा केलेल्या मोजणीने. तिथे पाणी जेमतेम २७ मीटर खोल. तळाचं पाणी बाटलीत बुडबुडा राहू न देता भरतात आणि त्यात रसायनं घालतात: ऑक्सिजन असेल तर साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तपकिरी येतो, नसेल तर पांढराच राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा ऑक्सिजन पार संपतो, काही वर्षी तर पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. तळचे मासे तिथून हलतात. बोटी सुटल्यावरच्या हंगामात जाळी का रिकामी येतात, याचं एक उत्तर या बाटलीत आहे. रत्नागिरी, हर्णे, सातपाटीसमोर अशी अखंड मोजणी असती, तर तारखेचा वाद अंदाजावर चालला नसता.

२०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ जातींसाठी किमान लांबी ठरली. पापलेटला ती १३५ मिलिमीटर, म्हणजे तळहाताएवढी. नियम चांगला आहे, पण लांबी मोजायची पट्टी लागते तेव्हा पिल्लू जाळ्यात मरून पडलेलं असतं. पावसात जन्मलेली कित्येक पिल्लं ऑगस्टात किनाऱ्यालगतच वाढत असतात. त्यांना पट्टी वाचवत नाही, बांधलेली बोट वाचवते. २०२५ मध्येही बंदी ३१ जुलैलाच संपली.