ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळ कोण आणि विक्रेता कोण?

अॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टवरून मिक्सर मागवला की तो त्या कंपनीनेच विकला, असे आपण धरून चालतो. पैसे तिच्याच अॅपवर भरलेले असतात, खोक्यावर तिचेच नाव असते आणि बऱ्याचदा माल येतोही तिच्याच गोदामातून. प्रत्यक्षात परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे अशा कंपन्या भारतात मुख्यतः बाजारपेठ म्हणून काम करतात, म्हणजे जागा त्यांची असते आणि माल विकणारा व्यापारी वेगळा असतो.

हा व्यापारी बिलावर सापडतो. तिथे त्याचे नाव, पत्ता आणि पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक छापलेला असतो. या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, जसे २७ म्हणजे महाराष्ट्र आणि २९ म्हणजे कर्नाटक. पण बिल हातात येते खरेदीनंतर. त्याआधी वस्तूच्या पानावर विक्रेत्याचे नाव बारीक अक्षरांत असते, आणि नुसता रंग किंवा माप बदलले तरी ते बदलू शकते. शिवाय ग्राहकांनी दिलेले तारे बहुतेक वेळा वस्तूचे असतात. ती विकणाऱ्याचा लौकिक वेगळा तपासावा लागतो. इतकी महत्त्वाची माहिती इतकी आडबाजूला ठेवणे मला ग्राहकावर अन्यायच वाटतो.

माल सदोष निघाला की या फरकाची झळ बसते. ग्राहक सेवा केंद्र विक्रेत्याच्या धोरणाकडे बोट दाखवते आणि विक्रेत्याशी थेट बोलण्याचा मार्ग अॅपमध्ये सहसा सापडत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी मात्र दोघांच्या जबाबदाऱ्या वेगवेगळ्या नेमून दिल्या आहेत. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि महिन्याभरात तिचे निवारण केले पाहिजे. तसेच ग्राहकाने खरेदीनंतर लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता, ईमेल आणि संपर्काची इतर माहिती त्याला दिली पाहिजे. ही शेवटची तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून 'विक्रेत्याशी बोला' असे उत्तर मिळताच तिचा उल्लेख करून ईमेल पाठवावा आणि तो जपून ठेवावा.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो, त्यामुळे विक्रेता बंगळुरूचा असला तरी सांगलीच्या ग्राहकाला तिकडे जावे लागत नाही, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नसते. अर्जात विक्रेता आणि संकेतस्थळ या दोघांनाही सामनेवाले करावे.