वॉशिंग मशीनची निवड (ठाणे व नवी मुंबई)

घरगुती वॉशिंग मशीन तीन प्रकारांत मिळते : सेमी-ऑटोमॅटिक, टॉप लोड आणि फ्रंट लोड. दुकानात पहिला प्रश्न किलोचा होतो. ठाणे-नवी मुंबईत मात्र त्याआधी घरचा नळ, गच्चीवरची टाकी आणि ड्राय बाल्कनी पाहायला हवी.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दोन टब असतात, एक धुण्याचा आणि दुसरा पिळण्याचा. कपडे एकातून दुसऱ्यात हाताने टाकावे लागतात, त्यामुळे धुणे संपेपर्यंत माणूस अडकून पडतो. तरीही हा प्रकार बाजारातून गेलेला नाही. किंमत कमी हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे हे मशीन पिंपातल्या पाण्यावरही चालते. बादलीने पाणी ओतले की काम सुरू. ठाण्यातल्या दिवा परिसरासारख्या टंचाईच्या भागात किंवा ठरलेल्या वेळीच पाणी सोडणाऱ्या सोसायटीत हा गुण लाखमोलाचा आहे. साबणाचे तेच पाणी आधी पांढऱ्या कपड्यांना, मग रंगीत कपड्यांना आणि शेवटी पायपुसण्यांना वापरता येते.

टॉप लोडमध्ये उभ्या ड्रमच्या तळाशी फिरणारी चकती असते आणि कपडे पाण्यात बुडवून घुसळले जातात. म्हणून पाणी जास्त लागते. सहा-सात किलोच्या एका धुण्याला १०० लिटर किंवा त्याहूनही अधिक. वाकावे लागत नाही, राहिलेला मोजा मध्येच टाकता येतो. गुडघे दुखणाऱ्यांच्या घरात एवढ्यावरच निर्णय होतो, आणि त्यात गैर काही नाही.

फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो. कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, त्यामुळे साधारण निम्म्या पाण्यात काम भागते आणि कापडही कमी झिजते. पिळण्याचा वेग मिनिटाला १००० ते १४०० फेऱ्यांचा असतो. टॉप लोडमध्ये तो बहुधा ७०० च्या आसपास. जून ते सप्टेंबर या काळात, बाल्कनीतल्या दोरीवर जीन्स दोन-दोन दिवस ओली राहते तेव्हा, या फरकाची किंमत कळते. पण त्याच दमट हवेत दाराच्या रबरी कडीत पाणी साचून काळी बुरशी धरते. धुणे झाल्यावर कडी पुसून दार उघडे ठेवणे, हे काम कोकणपट्टीत टाळता येत नाही. कमी फेस होणारी पावडरच वापरावी लागते.

पाण्याचा दाब हा इथला नेहमीचा घोळ. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. टाकीपासून १० मीटर खाली आले की दाब सुमारे १ बार होतो, म्हणजे खालच्या मजल्यांना अडचण नसते. शेवटच्या मजल्यावर मात्र टाकी जेमतेम तीन मीटर वर असते. तिथे मशीन पाणी भरता भरता थांबते आणि स्क्रीनवर बिघाड दाखवणारा कोड (एरर कोड) येतो. दोष मशीनचा नसतो. छोटा प्रेशर पंप लावावा लागतो.

नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते. धरणाचे पाणी एकूण मृदू असते. घोडबंदर रोडच्या ज्या संकुलांत टँकर किंवा बोअरवेल मिसळते, तिथे पाणी जड असू शकते. साबण कमी फेसाळतो आणि हीटरवर क्षार बसतात. अशा घरी अधूनमधून डिस्केलिंग पावडर टाकून मशीन रिकामे चालवावे.

जागेचेही गणित आहे. सिडकोच्या जुन्या छोट्या घरांत फ्रंट लोड ओट्याखाली बसवता येते. टॉप लोडला झाकण उघडण्यासाठी वर मोकळी जागा हवी, म्हणजे वर फळी ठोकता येत नाही. फ्रंट लोड वजनाला ६०-७० किलो असते. वाहतुकीसाठी लावलेले मागचे बोल्ट न काढता ते चालवले, तर खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन येणारच. हीटर असलेल्या मशीनला अर्थिंगसह १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. जुन्या घरांच्या बाल्कनीत तो बहुधा ६ अँपिअरचा असतो. एक्स्टेन्शन बोर्डावर भागवू नये. मशीन येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी वायर ओढून घ्यावी.