हृदय आटतं, झडप मात्र तेवढीच राहते

हृदयाचं डावं अलिंद (वरचा कप्पा) आणि डावं निलय (खालचा कप्पा) यांच्यामध्ये मायट्रल झडप असते. तिची दोन पातळ दलं तंतूंनी खालच्या स्नायूंशी बांधलेली असतात, म्हणून निलय जोरात आवळलं तरी ती वर उलटत नाहीत.

अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं तोडत जातो आणि शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागतं. त्यातून हृदयही सुटत नाही. निलयाची भिंत पातळ होते, पोकळी लहान होते. झडप मात्र स्नायूंची नसते, ती तेवढीच राहते. अंग वाळलं की कपडे ढगळ होतात, तशी ती आटलेल्या हृदयात सैल पडते. दलं अलिंदाकडे फुगतात. यालाच मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स म्हणतात. स्टेथोस्कोपमधून कधी कधी त्याची 'टक्' ऐकू येते.

अशा वेळी बिघाड मुळात झडपेत नसतो. वजन भरून आलं की निलय पूर्ववत होऊ लागतं आणि पुष्कळदा प्रोलॅप्सही नाहीसा होतो. इथं अन्न हेच औषध आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं घसरून जीवावर बेतू शकतं. खरं सांगायचं तर या आजारात सैल झडपेपेक्षा अतिमंद नाडीची आणि वारंवार उलट्यांमुळे कमी झालेल्या पोटॅशियमची काळजी जास्त करायला हवी. वजन नेहमीसारखं दिसत असलं तरी पोटॅशियम घसरलेलं असू शकतं.

चिंताविकाराची गोष्ट वेगळी आहे. पॅनिक अ‍ॅटॅक येणाऱ्यांत प्रोलॅप्स फार आढळतो, असं एके काळी वाटत होतं. पुढं कळलं की झडपेचं कडं सपाट नसून खोगिरासारखं वळलेलं असतं, त्यामुळे इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एका कोनातून निरोगी झडपही फुगलेली दिसते. निकष कडक केल्यावर, 1999 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या सर्वसामान्य लोकांच्या पाहणीत प्रोलॅप्सचं प्रमाण जेमतेम 2.4 टक्के निघालं. पॅनिकशी असलेला संबंधही बराच विरळ झाला. तरी 'व्हॉल्व्हमध्ये दोष आहे' हे शब्द आधीच धडधडीनं घाबरलेल्या माणसाच्या मनात रुतून बसतात, आणि भीतीनं धडधड आणखी वाढते. रिपोर्ट हातात ठेवताना डॉक्टरांनी दोन मिनिटं जास्त द्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

रुग्णानंही एक प्रश्न जरूर विचारावा: झडपेतून रक्त मागं गळतंय का, आणि किती? गळती नसेल किंवा नाममात्र असेल, तर बहुतेकांना झडपेसाठी कुठलेच उपचार लागत नाहीत. शुद्ध हरपत असेल किंवा ठोके अनियमित पडत असतील, तर मात्र 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून सोडून न देता ईसीजी काढून घ्यावा.