पट्टी मारली, तिथूनच तडा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रॉलीसाठी माल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतं : "पत्रा जाड द्या, म्हणजे परत बघायला नको." साचे, मोटारी, कास्टिंग यांची ने-आण करणारा लोखंडी प्लॅटफॉर्म म्हणजे चाकांवर ठेवलेला पत्राच, तेव्हा पत्रा जाड तेवढा प्लॅटफॉर्म मजबूत, असा हा हिशोब. वरवर तो चोख वाटतो, पण चुकीचा आहे. त्याच्या पुढची समजूत आणखी महागात पडते : प्लॅटफॉर्म वाकायला लागला की खालून एक पट्टी वेल्ड करायची. नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या शेडमध्ये तडकलेल्या ट्रॉल्या उलट्या करून पाहिल्या, तर तडा अनेकदा नेमका त्या पट्टीच्या टोकाशी सुरू झालेला दिसतो.

आधी पत्र्याचा हिशोब करू. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १० मिमी जाड पत्रा घ्या. पोलादाचा १ मिमी जाड पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, म्हणजे या तुकड्याचं वजन १५७ किलो. दोन्ही टोकांना आधार देऊन त्यावर दोन टन माल सारखा पसरला, तर पत्र्यात सुमारे ३०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण येतो. आपल्याकडच्या साध्या बांधकामी पोलादाची, म्हणजे आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या ई२५० ग्रेडची, कायमचं न वाकता ताण सोसायची मर्यादा २५० आहे. म्हणजे हा जाडजूड पत्रा कायमचा वाकणार. त्याआधीच त्याला मधोमध १२ सेंटिमीटरच्या आसपास झोळ आलेला असेल.

आता त्याच दोन मीटरवर १०० मिमी उंचीचे दोन सी-चॅनेल, म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे लोखंडी बार, उभे टाका. एका मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून ३८ किलो लोखंड. तेच दोन टन त्यांच्यावर दिले तर ताण ६७ मेगापास्कल आणि झोळ ३ मिलिमीटरच्या आत. लोखंड चौथा हिस्सा, ताठपणा ४५ पट. वर ४ मिमीची चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा) आणि तिच्याखाली दर ४०० मिमीला ७५ मिमी उंचीचे आडवे चॅनेल घातले, तरी सगळा सांगाडा १३५ किलोच्या आसपास बसतो.

असं होतं कारण वाकणाऱ्या वस्तूचा वरचा थर दाबला जातो, खालचा ओढला जातो आणि मधला थर जवळजवळ निवांत असतो. काम करतात ते वरचे-खालचे थर, आणि ते एकमेकांपासून जितके लांब तितकी त्यांची पकड जास्त. भरीव पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो : उंची दुप्पट, तर ताठपणा आठपट. शाळेतली लाकडी फूटपट्टी आडवी धरून वाकवा आणि मग उभी धरून वाकवून बघा. लाकूड तेच, फरक फक्त उंचीचा.

इथेच विक्रेत्यांच्या एका दाव्याचा निकाल लावून टाकू. "हाय टेन्साइल वापरलंय, अजिबात वाकणार नाही" असं छातीठोक सांगितलं जातं. ई३५० ग्रेडचं पोलाद ई२५० पेक्षा जास्त ताण सोसतं हे खरं, पण झोळ ठरतो यंग गुणांकावरून, म्हणजे धातूचा मूळ ताठपणा सांगणाऱ्या आकड्यावरून, आणि तो सगळ्या बांधकामी पोलादांचा सारखाच, सुमारे २ लाख मेगापास्कल. त्याच मापाचं महाग पोलाद त्याच वजनाखाली तेवढंच लवतं. फक्त कायमचं वाकायला त्याला जास्त वजन लागतं.

पण ट्रॉल्या वजनाने मोडतात हे तरी कितपत खरं? दोन टनाच्या ट्रॉलीवर कोणी एकदम आठ टन ठेवत नाही. ट्रॉली मोडते ती दीड टनाखाली, तीन-चार वर्षांनी, एखाद्या साध्याच खेपेला. मग "लोखंडच खराब लागलं" म्हणतात, नाहीतर नजर लागली म्हणून लिंबू-मिरची टांगतात. या मोडण्याला धातूचा थकवा म्हणतात, आणि तो पूर्ण हिशोबात बसणारा आहे.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेली रेल्वेगाडी इंजिनाचा आस तुटून उलटली, डब्यांना आग लागली आणि अनेक प्रवासी दगावले. वापरून वापरून लोखंडाचे आत स्फटिक बनतात आणि ते ठिसूळ होतं, असा तेव्हाचा समज होता. (पोलाद मुळातच स्फटिकमय असतं, ते वापराने तसं बनत नाही.) पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलरने आस फिरवून-फिरवून वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि दाखवलं की एकदा सहज सोसला जाणारा ताण लाखो वेळा दिला-काढला की धातू तुटतो. एका फेऱ्यात ताण किती वर-खाली होतो, यावर ते अवलंबून असतं.

वेल्ड नसलेल्या गुळगुळीत पोलादात या थकव्याचा बराचसा काळ पहिला सूक्ष्म तडा जन्माला येण्यात जातो. वेल्डमध्ये हा काळ जवळपास नसतोच. वेल्डचा मणी जिथे पत्र्याला टेकतो, त्या काठावर नख फिरवलं तर कधीकधी बारीक खाच लागते. लागली नाही तरी तिथे मिलिमीटरच्या काही दशांश खोलीचे स्लॅगचे (वेल्डिंगच्या मळीचे) कण आणि चिरा दडलेल्या असतात. तडा तयारच असतो, त्याने फक्त वाढायचं असतं.

त्यात भर म्हणजे वेल्ड थंड होताना आकसतो, पण भोवतालचं थंड लोखंड त्याला आकसू देत नाही. दोन खिळ्यांमध्ये करकचून ताणलेल्या वाळवणाच्या दोरीसारखा तो भाग कायम ओढलेला राहतो, थेट पोलादाच्या मर्यादेइतका. ट्रॉली रिकामी उभी असतानासुद्धा. त्यामुळे तिथे कमाल ताण किती, याला फारसा अर्थ उरत नाही. चढ-उतार किती, एवढंच मोजायचं. तडा वाढण्याचा वेग बांधकामी पोलादांत ग्रेडनुसार फारसा बदलत नाही, म्हणून वेल्ड केलेल्या सांगाड्यात हाय टेन्साइलचे जादा पैसे थकव्याविरुद्ध काहीच मिळवून देत नाहीत.

नियम असा : ताणाची चढ-उतार दुप्पट झाली तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. उलट, चढ-उतार फक्त २० टक्के कमी केली तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. आयएस ८००:२००७ या आपल्या मानकात प्रत्येक प्रकारच्या जोडाला एक आकडा दिलेला आहे : ५० लाख फेरे सोसता येतील एवढी ताणाची चढ-उतार. वेल्ड नसलेल्या रोल्ड चॅनेलला तो ११८ मेगापास्कल. खालून वेल्ड केलेल्या पट्टीच्या टोकाला ३७ च्या घरात, जाड पट्टीला त्याहूनही खाली.

आता तीच दोन टनांची ट्रॉली घेऊ, फक्त माल म्हणजे एकच जड साचा, मधोमध ठेवलेला. ताण दुप्पट होतो, १३४. फरशीतल्या कापांवरून जाताना बसणारे हिसके धरून दीडपट करू : २०१. पाळीला ६० खेपा, दोन पाळ्या, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३६ हजार फेरे. नुसत्या चॅनेलचं आयुष्य मांडलं तर सुमारे १० लाख फेरे, २८ वर्षं. दणकट करायचं म्हणून याच चॅनेलला खालून मधोमध ८०० मिमीची पट्टी मारली. पट्टी आहे तेवढ्या भागातला ताण नक्की कमी झाला. पण तिची टोकं आधारापासून ६०० मिमीवर आली, तिथे ताण मधल्याच्या ६० टक्के, म्हणजे १२०. आणि त्या जागी आता ३७ चा जोड आहे. हिशोब येतो दीड लाख फेऱ्यांचा. चार वर्षं.

अठ्ठावीसची चार वर्षं झाली ती लोखंड वाढवल्यामुळे. हिसके यापेक्षा जोरात बसले तर चारही नाहीत.

पट्टी मारायचीच असेल तर ती आधाराच्या जवळपर्यंत न्यावी, जिथे ताण नगण्य असतो. वरच्या उदाहरणात तिचं टोक आधारापासून १५० मिमीवर आणलं तर तिथला ताण ३० वर येतो आणि जोड निवांत राहतो. टोक चौकोनी न कापता निमुळतं करावं. दोर बांधायची कडी, ओढायच्या दांड्याचा कान, कंपनीच्या नावाची पाटी यांपैकी काहीही चॅनेलच्या खालच्या फ्लँजवर, म्हणजे सी च्या खालच्या आडव्या बाजूवर, मध्यभागी वेल्ड करू नये. वेल्ड करायचाच तर उभ्या भागाच्या मधोमध, त्या निवांत थराच्या आसपास. आडवे चॅनेलही उभ्या भागालाच जोडावेत, खालच्या फ्लँजला नाही. वेल्डचा मणी जितका मोठा तितका चांगला, हाही गैरसमज आहे : ६ मिमीच्या जागी १२ मिमीचा मणी भरला तर चौपट धातू, जास्त उष्णता, जास्त आकसणं. ज्या काठाची खरीच भीती आहे तो बर ग्राइंडरने (बारीक फिरत्या कातणीच्या ग्राइंडरने) घासावा, खाच निघून जाऊन पत्र्यात अर्धा मिलिमीटर उतरेल इतका, आणि घासल्याच्या रेघा ताणाच्या दिशेत ठेवाव्यात. एवढ्याने जोडाची सोसण्याची क्षमता साधारण ३० टक्के वाढते, म्हणजे आयुष्य दुपटीहून जास्त.

चाकांचं थोडक्यात. दोन टन माल आणि १३५ किलोचा सांगाडा यांना चारने भागून ५३५ किलोची चाकं घेतली, की ती लवकर बसतात. फरशी कधीच सपाट नसते. ताठ सांगाड्याचं एखादं चाक अधांतरी राहतं आणि जवळजवळ सगळा भार तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन चाकांवर येतो, हजार किलोहून जास्त प्रत्येकी. निदान तीनने भागावं. सांगाडा पेटीसारखा बंद असेल तर दोननेच.

पेटीचा प्रश्न मला फार आवडतो. दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड केले की जी पेटी बनते, ती पिळाला दोन सुट्या चॅनेलांच्या शंभरपट ताठ असते. ऐकायला उत्तम, पण खडबडीत फरशीवर हाच ताठपणा एक चाक उचलून धरतो. उघड्या चॅनेलची शिडीसारखी चौकट किंचित पिळते आणि चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रकच्या खाली वाकून पाहा : चासीचे दोन लांब चॅनेल उघडे, आडवे भाग रिव्हेटने किंवा बोल्टने धरलेले. ट्रकची बॉडी बांधणाऱ्यांना चासीच्या फ्लँजवर भोक पाडू नका, वेल्ड करू नका, असं बजावलेलं असतं. कारण तेच, खालच्या-वरच्या थरात तड्याला जागा करून द्यायची नाही. रुळांवर चालणाऱ्या किंवा एका जागी उभ्या राहणाऱ्या प्लॅटफॉर्मला मात्र पेटीच बरी.

आपल्या हवेत या सगळ्यावर पाण्याचा हिशोब चढतो. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या सत्तर-अठराच्या (ई ७०१८ जातीच्या) वेल्डिंग रॉडचं आवरण दमट होतं, त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि मण्याच्या कडेला आतून चिरा पडतात. हे रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून, मग गरम डब्यात ठेवूनच वापरावे लागतात. शेडच्या पत्र्यावर उन्हात वाळत घातल्याने ते भाजले जात नाहीत. पेटीत पाणी शिरलं तर निघत नाही, म्हणून ती एकतर पूर्ण बंद वेल्ड करावी, नाहीतर तळाला निचऱ्याचं भोक ठेवावं. गॅल्व्हनाइज करायची असेल तर हवेची भोकं लागतातच. वितळलेलं जस्त ४५० अंशांचं असतं, आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पेटी फुटू शकते. खाडीच्या खाऱ्या हवेत गंजाचे खड्डे पडले की पोलाद थकव्याला लवकर बळी पडतं, आणि मग अमुक ताणाखाली कधीच तुटणार नाही अशी हमी कुठल्याच आकड्याची उरत नाही.

तडा शोधायचा तो रंगावर. वेल्डच्या काठाला समांतर, केसाएवढी तांबूस रेघ उमटलेली दिसते. चिर उघडमीट करताना आतला गंज बाहेर येतो, त्याची ती रेघ. खंडेनवमीला औजारांची पूजा होते आणि आदल्या दिवशी ट्रॉल्यांना ताजा रंग मारतात. पूजेबद्दल काहीच म्हणणं नाही, पण तो रंग तांबूस रेघ झाकून टाकतो. ट्रॉली आधी उलटी करावी, पट्ट्यांची टोकं, कड्यांचे वेल्ड, चाकांच्या प्लेटचे कोपरे तारेच्या ब्रशने साफ करून पाहावेत, मग रंगाचा डबा उघडावा. शंका आली तर त्या जागेवरचा जुना रंग पूर्ण काढून डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट : लाल रंग फवारून दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चिर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ फुटते.

रेघ फुटली तर वरून मणी फिरवू नये, खाली चिर तशीच राहते आणि त्याच वाटेने परत वर येते. ग्राइंडरने चिर पूर्ण संपेपर्यंत खोदायचं, संपल्याची खात्री पुन्हा डीपीने करायची, मग भरायचं आणि काठ घासून सपाट करायचा. आणि चिर कडीच्या वेल्डमधून निघाली असेल तर कडी परत तिथे लावायची नाही, चॅनेलच्या उभ्या भागावर मधोमध न्यायची.