फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपी: हात बसेपर्यंतचे प्रशिक्षण

फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपी म्हणजे नमुन्यावर एका रंगाचा प्रकाश टाकून त्यातून दुसऱ्या रंगात उमटणारी चमक सूक्ष्मदर्शकातून पाहणे. सांगलीत हे शिकवायचे तर सुरुवात हळदीनेच व्हायला हवी. चिमूटभर हळद पाण्याच्या थेंबात घ्या, वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवा आणि निळा प्रकाश सोडा. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवट-पिवळे कण उजळतात. कोणताही रंग घातलेला नसतो, चमकते ते हळदीतले कुर्क्युमिन. पहिल्या तासालाच आम्ही हे दाखवतो, कारण पुढे स्वतःच्या नमुन्यात काही चमकले की ‘हा माझा रंग की नमुन्याची मूळची चमक?’ हा प्रश्न सवयीने पडायला हवा. पानांचे काम करणाऱ्यांना तर तो रोजच पडतो. हरितद्रव्य लालभडक चमकते आणि लाल रंगाच्या मार्करवर (खूण म्हणून घातलेल्या रंगावर) पाणी पडते.

या तंत्रामागचे तत्त्व जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडले: पदार्थ आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि जास्त लांबीचा बाहेर टाकतो. पेशीचे केंद्रक रंगवणारा डॅपी हा रंग डीएनएला चिकटल्यावर साधारण ३५८ नॅनोमीटरला शोषतो, ४६१ च्या आसपास निळा चमकतो. हे दोन प्रकाश वेगळे करण्याचे काम फिल्टर क्यूबचे. त्यात दोन फिल्टर आणि मधे तिरका आरसा असतो. क्यूब आम्ही प्रत्येकाच्या हातात देतो. फळ्यावरच्या आकृतीने जे तासभर उमगत नाही, ते क्यूब उजेडासमोर धरल्यावर लगेच कळते.

प्रशिक्षण तीन दिवसांचे, एका तुकडीत चौघेच. कमाई बुडते, पण पाचवा माणूस खांद्यावरून बघतच राहतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

सर्वाधिक वेळ जातो तो फोटो घेण्यात. नवखा माणूस प्रकाश पूर्ण वाढवून सावकाश फोकस शोधतो आणि तो सापडेपर्यंत रंग विझलेला असतो. म्हणून प्रकाश कमी ठेवून फोकस करायचा, शटर बंद करायचे, मगच फोटो. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात प्रकाश किती वेळ घ्यायचा ते) आधी सर्वांत उजळ स्लाइडवर ठरवायचे आणि रंग न घातलेल्या, तुलनेसाठीच्या स्लाइडलाही (कंट्रोल) तेच ठेवायचे. कंट्रोलला वेगळे एक्स्पोजर दिले तर तुलना उरतच नाही, मग फोटो कितीही देखणा असो. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरचीच वापरा. बहुतेक ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळच्या भिंगावर) हा आकडा कोरलेला असतो, पण वाचतो कोण!

तुमच्याकडे जुना मर्क्युरी दिवा असेल तर बंद केल्यावर गार झाल्याशिवाय पुन्हा लावू नका. आम्ही घाईत एक दिवा असाच घालवला. आता एलईडी वापरतो.

शेवटचा दिवस तुमच्या नमुन्याचा. तासगावकडच्या मंडळींनी डाउनी (केवडा रोग) आलेले द्राक्षाचे पान जरूर आणावे. अ‍ॅनिलिन ब्लूने रंगवल्यावर पानात शिरलेले बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. रुग्णांचे नमुने मात्र आम्ही घेत नाही, तशी सोय इथे नाही.

येताना टिश्यू पेपर आणू नका, लेन्स पेपर आम्ही देऊ. साध्या कागदाचे आणि पांढऱ्याशुभ्र शर्टाचे तंतू डॅपीच्या क्यूबमध्ये झकास निळे चमकतात आणि अनेकांच्या फोटोत ‘नवीन रचना’ म्हणून विराजमान होतात.