हा तो नाहीच! रहस्यकादंबरी, पडदा आणि आपला मेंदू

आवडत्या रहस्यकादंबरीवर सिरीज किंवा पिक्चर येणार म्हटलं की आधी चार दिवस नुसता उत्साह आणि बघून झालं की सगळ्यांची तोंडं पडलेली, हे पुण्यात मी इतक्या घरांत पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. लोक सांगतात की त्यांनी बदललं म्हणून आवडलं नाही, पात्रं गाळली, शेवट फिरवला वगैरे. पण मध्यंतरी कोथरूडला मैत्रिणीकडे आम्ही एका जुन्या लाडक्या कादंबरीवरची सिरीज बघत होतो, त्यात काही म्हणजे काही बदललं नव्हतं, संवादसुद्धा जवळजवळ पुस्तकातलेच, आणि तरी डिटेक्टिव्ह दारातून आत आल्या आल्या मैत्रिणीची आई म्हणाली, "अगं, हा तो नाहीच." मी विचारलं, "मग तो कसा आहे काकू? नाक कसं, उंची किती, केस कसे?" काकूंना काही सांगता येईना, आणि खोलीतल्या कुणालाच येईना. चेहरा डोक्यात नाही, पण हा तो नाही हे मात्र पक्कं माहीत.

मला यात खरी गंमत वाटते, कारण याचं बरंचसं उत्तर मानसशास्त्राने आणि मेंदूवरच्या संशोधनाने दिलेलं आहे आणि ते वाचल्यावर दिग्दर्शकावरचा राग निम्मा होतो.

आधी एक करून बघा. एक माणूस खोलीत येतो, टेबलाजवळ जातो आणि टेबलावरचा बॉल ढकलून खाली पाडतो. हे डोळ्यांसमोर आणा, नीट आणा. आणलंत? आता सांगा, बॉल कुठल्या रंगाचा होता? टेबल गोल की चौकोनी? माणसाचे केस? अंगात शर्ट होता की झब्बा? एरिक बिगेलो, जॉन मॅकॉय आणि टोमर उलमन यांनी २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांना अशी दृश्यं डोळ्यांसमोर आणायला लावून असेच प्रश्न विचारले, तर बऱ्याच जणांनी कितीतरी गोष्टी ठरवलेल्याच नव्हत्या असं निघालं. म्हणजे रंग पुसट दिसत होता असं नाही, रंगाचा विषयच मेंदूने काढलेला नव्हता. बॉल होता, तो पडला, पण तो कुठल्याच रंगाचा नव्हता! प्रत्यक्षात असा बॉल असूच शकत नाही, कल्पनेत मात्र आरामात असतो.

(माणसामाणसांत फरकही पुष्कळ. फ्रान्सिस गाल्टनने १८८० मध्येच लोकांना विचारलं होतं की आज सकाळचं न्याहारीचं टेबल डोळ्यांसमोर आणा, काय काय दिसतं, आणि उत्तरं लख्ख चित्रापासून ते काहीच दिसत नाही इथपर्यंत आली. काहीच न दिसणाऱ्यांसाठी अॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अफँटेशिया हे नाव दिलं.)

आता काकूंचा डिटेक्टिव्ह. वीस-तीस वर्षांत अनेकदा वाचलेला, तरी त्याचं नाक त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं. ठरवलं होतं ते दुसरंच काहीतरी, त्याचा तिरसटपणा, समोरचा खोटं बोलतोय हे कळल्यावर तो जरा जास्तच नम्र होतो ते, असलं सगळं. कॅमेऱ्याला ही सोय नाही. कॅमेऱ्यासमोर माणूस उभा केला की त्याला नाक येणारच, भिंतीला रंग येणार, खुर्चीला कापड येणार, आणि पुस्तकात ज्या शेकडो गोष्टी मोकळ्या सोडलेल्या होत्या त्या सगळ्यांची उत्तरं एका सेकंदात येऊन आदळतात. त्यातलं एकही उत्तर चूक नसतं, पण तुम्ही ते दिलेलं नसतं.

आणि जे तुम्ही ठरवलेलं असतं ते तर अगदी तुमच्या घरचं असतं. २००९ मध्ये निकोल स्पीअर, जेफ्री झॅक्स वगैरे मंडळींनी वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये गोष्ट वाचायला दिली, तर पात्राने हातात काही वस्तू घेतली की वाचणाऱ्याच्या मेंदूत हाताच्या हालचालींशी संबंधित भाग जागे होत होते, पात्र एका जागेहून दुसरीकडे गेलं की वेगळे भाग. वाचताना आपण आपल्याच अनुभवाचं सामान वापरून गोष्ट चालवतो, असं त्यातून दिसतं. माझ्या डोक्यात इंग्लंडमधल्या खेड्यातला खून कायम शनिवार पेठेतल्या आत्याच्या वाड्यात होतो. लेखकाने जिना म्हटलं की तो आत्याकडचा काळोखा लाकडी जिना, दोर धरून चढायचा, आणि बागेत पावलांचे ठसे सापडले की ते मागच्या चौकातल्या तुळशीजवळ. पडद्यावर मग हिरवळीवरचा खराखुरा दगडी बंगला येतो, लेखकाने लिहिलेला तोच येतो खरं तर, आणि मला वाटतं हे कुठल्या भलत्याच घरात आणलं मला.

आवाजाचंही तेच. बेन अल्डरसन-डे आणि चार्ल्स फर्निहो यांच्या गटाने सुमारे दीड हजार वाचकांना वाचनाच्या अनुभवाबद्दल विचारलं होतं, २०१७ चा तो अभ्यास, त्यात १९ टक्के लोकांनी सांगितलं की पुस्तक मिटल्यावरही पात्रांचे आवाज त्यांच्यासोबत राहतात, रोजच्या गोष्टींवर ते पात्र काय म्हणेल हे मनात उमटतं. एवढं ज्याच्याशी बोलणं झालंय त्याच्या तोंडून परक्याचा आवाज आला तर दचकायला होणारच की.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही कादंबरीला लागू आहे. पण रहस्यकादंबरीचं दुखणं जास्त खोल आहे, कारण तिथे मोकळ्या सोडलेल्या जागा हेच लेखकाचं हत्यार असतं. मराठीत तर व्याकरणच लेखकाला सामील आहे. बघा: कोणीतरी आत आलं. दिवा विझवला. कपाट उघडलं. चिठ्ठी काढली आणि जिना उतरून गेलं. ही बाई होती की पुरुष? कळत नाही, आणि मुख्य म्हणजे कळत नाहीये हेही वाचताना जाणवत नाही, क्रियापदं बिचारी दिव्याच्या, कपाटाच्या, चिठ्ठीच्या मागे गेली. हाच सीन शूट करा. काळे हातमोजे, लांब कोट, कॅमेरा बुटांवर, नाहीतर सावलीवर. प्रेक्षकाला पहिल्या क्षणी कळतं की आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय. लपवणं दिसलं की अर्धं रहस्य तिथेच संपलं.

धागेदोरे पेरण्याचं तर विचारूच नका. समजा कादंबरीत वाक्य आहे, टेबलावर चहाचा कप, किल्ल्यांचा जुडगा, कालचा पेपर, औषधाची अर्धी बाटली आणि चष्म्याचं घर पडलं होतं आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून किंकाळी आली. तुम्ही बाटली वाचलीत. नंतर कोणी म्हणू शकत नाही की सांगितलं नव्हतं. पण किंकाळीच्या नादात ती गेली. वाचताना आपण प्रत्येक शब्दाला सारखं तोलत नाही, काम भागेल इतपतच अर्थ लावतो. याचा नमुना हवा असेल तर घरात कोणालातरी पटकन विचारा, भरताने शूर्पणखेचं नाक कापलं ते कुठल्या वनात? बरेच जण दंडकारण्य, पंचवटी असं काहीतरी सांगून मोकळे होतील, भरत तिथे कुठून आला हे विचारणार नाहीत. थॉमस एरिक्सन आणि मार्क मॅटसन यांनी १९८१ मध्ये बायबलमधल्या नोहाच्या नौकेवरून असाच प्रश्न विचारला होता, नोहाच्या जागी मोझेस घालून, आणि खरी गोष्ट माहीत असलेले लोकसुद्धा त्यावर सहज घसरले. ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या अँथनी सॅनफर्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की वाक्यात ज्याच्यावर जोर नाही तिथला शब्द जवळच्या अर्थाच्या शब्दाने बदलला तर वाचणाऱ्याच्या तो बदल बऱ्याचदा लक्षातच येत नाही. तिथल्याच कॅथरिन एमट यांनी तर रहस्यकथाकार महत्त्वाची माहिती वाक्यांच्या पोटात कशी पुरून ठेवतात यावर काम केलंय. म्हणजे चांगला रहस्यकथाकार काय करत असतो तर तुमचं लक्ष वाक्यागणिक, जवळजवळ शब्दागणिक हलवत असतो.

पडद्यावर ती बाटली कशी दाखवणार? क्लोज-अप घेतला तर सोफ्यावर बसलेलं प्रत्येक माणूस म्हणणार, हां, बाटली. नाही घेतला तर ती दिसलीच नाही आणि शेवटी फसवल्यासारखं वाटणार. चांगला सिनेमा लक्ष किती घट्ट धरतो याचं मोजमापही झालेलं आहे. उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये लोकांना वेगवेगळ्या फिल्म दाखवून त्यांचे मेंदू एकमेकांसारखे किती चालतात ते पाहिलं, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हिचकॉकच्या टीव्ही मालिकेतला एक भाग दाखवला तेव्हा मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या ६५ टक्क्यांहून जास्त भागात सगळ्यांचा प्रतिसाद सारखा होता, आणि बागेतल्या एका मैफलीसमोर कॅमेरा नुसता ठेवून घेतलेल्या, कुठेही न कापलेल्या शूटिंगला फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. दिग्दर्शकाच्या हातात एवढी ताकद असताना ती एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवायला वापरणं फार सोपं, पण सगळं समोर ठेवून प्रेक्षकाला हवं तिथे भरकटू देणं कठीण. त्यात कास्टिंगचा घोळ वेगळाच. नावाजलेला नट दोन मिनिटांच्या भूमिकेत दिसला की आमच्याकडे चहा ठेवायच्या आत खुनी सापडलेला असतो.

आता कोणी म्हणेल की अहो, तुम्हाला शेवट माहीत होता, मजा कशी येणार. मला हे पटत नाही. पेठांतल्या लायब्रऱ्यांची पुस्तकं ज्यांनी वाचलीत त्यांना माहितीये, आधीच्या एखाद्या वाचकाने पानाच्या कडेला पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं, आपण चिडायचो आणि तरी रात्री जागून पुस्तक संपवायचो. जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये लघुकथा घेऊन हेच तपासलं, त्यात रहस्यकथाही होत्या, तर शेवट आधी सांगितलेल्यांना कथा सरासरीने जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलटं निघालंय, तेव्हा हे अंतिम समजू नका, पण आवडती रहस्यकादंबरी आपण पुन्हा पुन्हा वाचतो यावरूनच दिसतं की शेवट माहीत असल्याने आनंद मरत नाही.

त्रास होतो तो मला वाटतं शेवटापेक्षा लहान लहान अपेक्षांचा. वोल्फ्राम शुल्झ यांची माकडांवरची कामं प्रसिद्ध आहेत. दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला कळलं की मेंदूतल्या डोपामिनच्या (बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेलं रसायन) पेशी रसाऐवजी दिव्यालाच उसळतात, आणि दिवा लागून रस आला नाही तर नेमक्या रस यायच्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही गप्प होतात. ज्याला काहीच अपेक्षा नव्हती त्याच्यापेक्षा वाईट अवस्था. माकडाच्या रसावरून कादंबरीवर थेट उडी मारता येत नाही, मान्य, तरी दहा वेळा वाचलेल्या माणसाला पुढच्या वाक्यानंतरची शांततासुद्धा पाठ असते आणि ती शांतता आली नाही, पार्श्वसंगीत आलं, तर ते टोचतं. कादंबरी न वाचलेल्या भावाला शेजारी बसून तोच सीन मस्त वाटतो!

याहून वाईट म्हणजे बघितलेलं पुसता येत नाही. डोळ्यांनी बघणं आणि मनात आणणं ही दोन्ही कामं मेंदूत पुष्कळशी एकाच ठिकाणी चालतात. मेरी पर्की यांनी १९१० मध्ये लोकांना समोरच्या पडद्यावर केळं वगैरे कल्पनेने आणायला सांगितलं आणि गुपचूप तिथे त्याचंच फिकट चित्र टाकलं, लोकांना वाटलं हे आपल्याच कल्पनेतलं. म्हणून एकदा नटाचा चेहरा बसला की पुस्तक उघडल्यावरही तोच येतो. शेरलॉक होम्सच्या त्या दोन्हीकडे शेंडे असलेल्या टोपीचंच घ्या ना, कथांमध्ये तिचं डिअरस्टॉकर हे प्रसिद्ध नाव कुठेही नाही, एका कथेत प्रवासातली कान झाकणारी टोपी म्हटलंय, चित्रकार सिडनी पॅजेट यांनी १८९१ पासून स्ट्रँड मासिकातल्या चित्रांत ती काढली, नाटक-सिनेमांनी उचलली आणि आज त्या टोपीशिवाय होम्स कोणाला आठवत नाही. भाचरांना मी म्हणूनच आधी पुस्तक द्यायला सांगते.

मग पडद्यावर चांगलं रहस्य होतच नाही का? होतं की. डोळ्यांनाही फसवता येतं, फक्त त्याची रीत वेगळी. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग अनेकांना माहीत असेल, बॉलचे पास मोजायला लावलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नव्हता. तेव्हा आपली ती औषधाची बाटली क्लोज-अपशिवाय पूर्ण उजेडात ठेवा आणि त्याच फ्रेममध्ये एक बाई रडतरडत खोटं बोलू द्या, माणसाची नजर चेहऱ्याकडेच जाते, बाटली कोणी बघणार नाही आणि दुसऱ्यांदा लावून बघाल तर ती तिथेच असेल. कादंबरीत ती बाई त्या खोलीत नव्हती, रडलीही नव्हती. असा सीन लिहायचा तर पुस्तक बाजूला ठेवायचं धाडस लागतं, आणि निर्माते नेमके तिथेच कचरतात, कारण आपण वाचक ओरडणार असतो की बघा, यांनी बदललं.